नोंद आढळत नाही

सुनेचं ते पत्र आलं त्याला आता अकरा वर्षं होतील. मी त्याचं उत्तर दिलं नाही. लिहायला बसलो नाही असं नाही. चार-पाचदा बसलो आणि प्रत्येक वेळी मायन्यापाशीच अडलो. 'चि. सौ.' लिहावं, तर माझ्या मुलाशी तिचा घटस्फोट चालला होता. नुसतं नाव लिहावं, तर ते नाव तिने ठेवलं होतं की बदललं होतं, हेच मला ठाऊक नव्हतं आणि विचारायची छाती नव्हती. तिने मात्र नेहमीसारखंच लिहिलं होतं:

'ती. बाबांना नमस्कार. त्या पुस्तकांची माझ्या नावावर नोंद नाही, हे तुमचं पत्र वकिलांनी मला दाखवलं. नोंद नाही हे खरंच आहे. पण तुम्ही आहात. बावीस तारखेला कोर्टात या आणि जे पाहिलंत तेवढंच सांगा. माझ्या बाजूने बोला असं म्हणत नाही. समन्स काढता येईल असं वकील म्हणतात. मी नको म्हटलं, तुम्हाला ओढत आणलेलं मला बघवणार नाही. मुंगीला सर्दी झाली की तिचे कान दुखतात. झोपताना टोपी घाला.'

मुंगी म्हणजे माझी नात. तेव्हा ती सहा वर्षांची होती. घरातली प्रत्येक वस्तू, चमचे, बटणं, माझ्या चष्म्याची घरं, उचलून कुठल्यातरी कोपऱ्यात नेऊन ठेवायची, म्हणून मुंगी. ती आईकडे राहणार की बापाकडे, एवढंच कोर्टाला ठरवायचं होतं.

मी वाचनालयात ग्रंथपाल होतो. छत्तीस वर्षं. ज्यांच्या हाताखाली मी काम शिकलो त्या थोरल्या ग्रंथपालांनी पहिल्याच दिवशी मला एक गोष्ट सांगितली होती. कोण काय वाचतो हे आपण कुणालाही सांगायचं नाही, त्याच्या बायकोलाही नाही आणि पोलिसांनाही नाही. आमच्याकडे प्रत्येक पुस्तकाच्या पोटात एक कार्ड असे. पुस्तक नेताना त्यावर वाचकाचं नाव लिहायचं. पुस्तक परत आलं की थोरले ग्रंथपाल ते नाव काळ्या शाईने असं गडद खोडत, की उजेडासमोर धरलं तरी अक्षर दिसू नये. त्यांच्यानंतर मी खोडत राहिलो. मला त्या कामाचा अभिमान होता. जगात दुसरं काही धड जमत नसलं, तरी गुपित राखणं मला जमतं असं वाटायचं.

सून आमच्या घरी आली तेव्हा तिच्याशी काय बोलावं हे मला कळायचं नाही. ती इस्पितळाच्या औषधालयात काम करायची. घरी येताना वाटेत वाचनालयात डोकवायची. एकदा तिने हळूच विचारलं, "बाबा, इस्लामवर काही चांगलं आहे का? भांडणाचं नको. समजावून सांगणारं."

होतं. मी दिलं. पंधरा दिवसांनी ती परत आली, "याच्या पुढचं?" तेही दिलं. असं चार वर्षं चाललं. आमच्याकडची पुस्तकं संपली तेव्हा मी शहरातल्या मोठ्या वाचनालयातून मागवली. त्या मागणीपत्रावर वाचकाचं नाव लिहायची पद्धत नव्हती, ग्रंथपालाचं लिहायची. पुस्तकं वर्तमानपत्रात गुंडाळून मी टेबलाखाली ठेवायचो, ती पिशवीत टाकून न्यायची. घरी जेवताना आम्ही दोघं एकमेकांशी अवाक्षर बोलत नसू. हिला वाटायचं, सासऱ्याचं आणि सुनेचं जमत नाही. "अहो, ती काही खाणार नाही तुम्हाला," असं ही म्हणायची. ही म्हणजे माझी बायको.

खरं सांगायचं तर ती चार वर्षं माझ्या आयुष्यातली फार सुखाची होती. पुस्तक परत करताना ती एखादाच प्रश्न विचारायची आणि मी उत्तर शोधायला तीन दिवस लावायचो. ती कुठे चालली आहे, हे मला दिसत नव्हतं का? दिसत होतं. पण वाचकाला अडवणं माझं काम नाही, असं मी स्वतःला सांगायचो. अजूनही ते चूक वाटत नाही. चूक पुढे झाली.

एका दुपारी ती टेबलापाशी उभी राहून म्हणाली, "बाबा, मी मुसलमान व्हायचं ठरवलंय. सगळ्यांत आधी तुम्हालाच सांगतेय."

मी म्हणालो, "या पुस्तकाची मुदत वाढवू का?"

ती हसली. खूप हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "वाढवा," म्हणाली.

घरी तिने तीन महिन्यांनी सांगितलं. मुलगा माझा लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. सरळ माणूस. बटण दाबलं की दार उघडलं पाहिजे, अशी त्याची जगाकडून अपेक्षा. तो दोन दिवस बोललाच नाही. मग एकदम भडकला. इस्पितळातली एक वयस्क मुसलमान परिचारिका तीन आठवड्यांपूर्वी आमच्याकडे चहाला येऊन गेली होती. तिनेच फूस लावली असं त्याने धरलं. चार वर्षं आपल्या शेजारी झोपणारी बाई काय वाचते, हे आपल्याला कळलं नाही, यापेक्षा तीन आठवड्यांची फूस त्याला सोसायला सोपी गेली असावी.

हिचा राग वेगळाच होता. "देव बदलायचा होता तर बदलायचा होता," ही म्हणाली, "पण आधी मला नको सांगायला? मी काय परकी?" मग माझ्याकडे वळली, "तुम्हाला माहीत होतं का हो काही?"

"मला?" मी म्हणालो.

"तुम्हाला कुठून असणार म्हणा! पुस्तकात तोंड खुपसलं की घराला आग लागली तरी यांना धूर दिसायचा नाही."

मी मूग गिळून बसलो. तिने प्रश्नही विचारला, उत्तरही दिलं, आणि मी सुटलो. तेव्हा तसं वाटलं.

सून भाड्याच्या खोलीत राहायला गेली आणि मुंगीसाठी कोर्टात दावे झाले. न्यायाधीश बाई समंजस होत्या. पहिल्याच तारखेला त्या म्हणाल्या, "कुणाचा धर्म कोणता याच्याशी मला कर्तव्य नाही. आईचं मन स्थिर आहे का, एवढंच मला पाहायचंय." मुलाच्या वकिलांनी नेमकं तेच धरलं. जी बाई कुणाच्यातरी सांगण्यावरून तीन आठवड्यांत जन्माचा धर्म टाकते, ती उद्या आणखी कुणाच्या सांगण्यावरून काय करेल? तिच्या हाती मूल कसं द्यायचं? सुनेने सांगितलं, तीन आठवडे नाही, मी चार वर्षं वाचत होते, वाचनालयातून पुस्तकं आणत होते. कुणाकडून, ते तिने सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुलगा वाचनालयात आला. लहानपणानंतर पहिल्यांदाच. टेबलासमोर वाचकासारखा उभा राहिला.

"बाबा, तिच्या नावावर तसली पुस्तकं नोंदली आहेत का?"

"नोंद नाही," मी म्हणालो.

"नक्की?"

"नोंद नाही."

"मग तसं लिहून द्या. वाचनालयाच्या कागदावर."

आमच्याकडे कुणाच्याच नावावर जुनी नोंद राहत नाही, हे वाक्य माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी ते बोललो नाही. बोललो असतो तर पुढचा प्रश्न आला असता आणि त्याच्या पुढचा. ती पुस्तकं दिली कुणी, मागवली कुणी. सगळं माझ्या गळ्याशी आलं असतं. मी कागद घेतला आणि लिहिलं: 'सदर वाचकाच्या नावे अशा पुस्तकांची नोंद आढळत नाही.' खाली सही केली, शिक्का मारला. त्यात एक शब्द खोटा नव्हता. मी तो कागद पुन्हा वाचून पाहिला आणि मला, आता सांगायला लाज वाटते, बरं वाटलं. वाचकाचं गुपितही राखलं आणि मुलाचं कामही केलं.

त्यानंतर आठवड्याने सुनेचं पत्र आलं. घरी नाही, वाचनालयाच्या पत्त्यावर. ज्याचं गुपित, तोच ते उघडायला सांगत होता. आता थोरल्या ग्रंथपालांच्या नियमाआड लपायला जागा उरली नव्हती. उरली होती ती माझी भीती. मुलाच्या तोंडाकडे बघायची भीती, हिच्या जिभेची भीती, आणि 'सासऱ्यानेच सुनेला बाटवलं' असं लोक म्हणतील याची. आणि मुंगी घरातून जाईल हेही होतं. पण ते कारण मला नंतर सुचलं. इतरांना सांगायला बरं पडतं म्हणून सुचलं असेल.

बावीस तारखेला मी वाचनालयात गेलो. दिवसभर कार्डांचे खण उपसून वर्णानुक्रमाने लावत बसलो. ती आधीच लावलेली होती.

मुंगी आमच्याकडे राहिली. सुनेला महिन्यातून एका शनिवारी, कोर्टाच्या पहिल्या मजल्यावरच्या खोलीत, दोन तास भेट मिळाली. तिथे भिंतीवर मासे रंगवले होते, एक प्लास्टिकची घसरगुंडी होती, आणि कोपऱ्यात खुर्चीवर एक बाई सतत काहीतरी विणत लक्ष ठेवायच्या. मुंगीला नेण्याचं काम माझ्याकडे आलं. सून डोक्याला रुमाल बांधून आधीच येऊन बसलेली असायची. नखं कापायचं यंत्र बरोबर आणायची. मुंगीची वीसही नखं कापायची, सावकाश, जणू तेवढ्यातच दोन तास सरावेत. जाताना दाराशी थांबून मला विचारायची, "काय वाचताय, बाबा?" मी पुस्तकाचं पान मिटून मुखपृष्ठ दाखवायचो. "बरं आहे का?" "ठीक आहे." एवढंच. पत्राचा विषय तिने कधी काढला नाही. तिने काढला असता तर मी तिथेच कोसळलो असतो, हे तिला समजत असावं.

तीन वर्षांनी एका शनिवारी मुंगी पलंगाखाली जाऊन बसली. "मला नाही जायचं. ती मला सोडून गेली. तिला देव जास्त आवडतो."

घरात कुणी तिला हे शिकवलं नव्हतं. पण तिला याच्या उलटही कुणी सांगितलं नव्हतं. मी एकटाच गेलो आणि त्या माशांच्या खोलीत उभा राहून सुनेला म्हणालो, "तिला बरं नाही." पुढच्या महिन्यातही तेच म्हणालो. तिसऱ्या महिन्यात ती म्हणाली, "बाबा, तुम्ही खोटं बोलू नका, तुम्हाला जमत नाही. तिला यायचं नसेल तर मी ओढून आणणार नाही." काही दिवसांनी ती दुसऱ्या शहरातल्या इस्पितळात नोकरीला गेली.

ही वारली त्याला तीन वर्षं झाली. तिला मी शेवटपर्यंत सांगितलं नाही. मी आता एकटा राहतो. मुलाचं घर दोन गल्ल्या सोडून आहे.

गेल्या महिन्यात एका दुपारी मुंगी आली. सतरा वर्षांची आहे आता, दारातून येतानाच बोलत येते. पुढच्या शिक्षणासाठी तिला जिथे प्रवेश मिळाला, ते तिच्या आईचंच शहर. कागदपत्रं गोळा करताना बापाच्या कपाटात जन्मदाखल्याबरोबर तिला कोर्टाचं निकालपत्र सापडलं होतं.

"आजोबा, तुम्ही तर छुपे गुप्तहेर निघालात!"

"मी? मला माझा चष्मा सापडत नाही."

"डोक्यावर आहे. हे ऐका. पान नऊ. 'आईने चार वर्षे वाचन केल्याचे म्हटले आहे. तथापि वाचनालयाच्या पत्रावरून त्यास दुजोरा मिळत नाही.' आणि सोबत पत्र कुणाचं? आमच्या आजोबांचं! केवढी ती सही, शिक्का बिक्का!"



"म्हणजे ती कोर्टात चक्क खोटं बोलली," मुंगी म्हणाली. "आणि आता मला मेसेज करते, तू इथे येतेयस असं कळलं, एकदा भेटशील का. मी उत्तर लिहून ठेवलंय, पाठवलं नाही अजून. वाचू? 'जी बाई कोर्टात खोटं बोलली, तिच्याशी मला काही बोलायचं नाही.' जरा नाटकी झालंय का?"

"पाठवू नकोस."

"नाटकी आहे म्हणून?"

"ते खरं नाही म्हणून."

मी उभा होतो, खुर्चीत बसलो. आणि सांगितलं. कार्डं, शाई, वर्तमानपत्रात गुंडाळलेली पुस्तकं, मुदत वाढवू का, सगळं. मधे दोनदा पाणी प्यायलो. छत्तीस वर्षांत कुठल्या वाचकाने काय वाचलं, हे मी पहिल्यांदाच कुणाला सांगत होतो.

"किती पुस्तकं?" तिने विचारलं.

"एकतीस."

"तुम्हाला आठवतात?"

"सगळी."

"बाबांना माहीत आहे?"

"नाही."

"आजीला होतं?"

"नाही."

"म्हणजे फक्त तुम्हाला आणि आईला." तिने निकालपत्राची पानं जुळवली, पुन्हा विसकटली. "तुम्ही मला बसने घेऊन जायचात. अर्धा तास जायला, अर्धा तास यायला. मी खिडकीत बसायचे, तुम्ही शेजारी. तीन वर्षं. तेव्हा कधी वाटलं नाही?"

"वाटायचं."

"मग?"

"भीती वाटायची."

"कुणाची?"

ज्यांची वाटायची त्यांतलं एक माणूस आता जगात नव्हतं, एक दोन गल्ल्या सोडून राहत होतं, आणि उरलेले कोण होते ते मलाही कधी कळलं नाही.

"मी तिला शेवटचं काय सांगितलं माहितेय?" मुंगी म्हणाली. "सांगितलंच नाही. पलंगाखालून तुम्हाला सांगितलं. तेही तुम्ही तिला सांगितलं नसेल."

"तुला बरं नाही असं सांगितलं."

ती उठली. दाराशी जाऊन चपला घालू लागली. मी मागोमाग गेलो आणि म्हणालो, "चहा घेशील?" काय माणूस आहे मी. ती जिना उतरून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा आला. दाढी केली नव्हती.

"मुंगी म्हणते ते खरं?"

"हो."

तो खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. "चार वर्षं," म्हणाला. "मी दिवा मालवायचो आणि ती म्हणायची, दोन पानं राहिलीत. मी कधी मान वळवून पाहिलंसुद्धा नाही."

तो माझ्याकडे वळला.

"तुम्ही सांगितलं असतंत तर मुंगी गेली असती."

"बहुतेक."

"मग बरंच झालं नाही सांगितलंत." मग खुर्चीत बसला आणि दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "नाही. बरं नाही झालं. पोरगी कालपासून माझ्याशी बोलत नाही. तुम्हाला आत्ताच उकरून काढायचं होतं? महिन्याभरात ती जाणारच होती."

"म्हणूनच," मी म्हणालो. "मी तिच्या आईला लिहिणार आहे. आणि कोर्टाला दिलेलं पत्र अर्धवट होतं, असंही लिहून देणार आहे."

"माझ्या विरुद्ध?"

"पत्र माझं होतं. माझंच दुरुस्त करतोय."

"आता त्याचा काय उपयोग, बाबा?"

त्याचं बरोबर होतं. तो गेल्यावर मी कागद घेऊन बसलो. बसलो खरा, पण पाठवणार कुठे? तिच्या पत्रावरचा पत्ता त्या भाड्याच्या खोलीचा होता. मुंगीला विचारायचं तोंड नव्हतं. तीन दिवस फोन हातात धरून बसलो. चौथ्या दिवशी तोच वाजला. मुंगीचा मेसेज. पत्त्याच्या तीन ओळी. मी लिहिणार आहे हे बापानेच तिच्या कानावर घातलं असावं. वर 'आजोबा' नाही, खाली काही नाही. ती आईला भेटणार आहे की नाही, ते मी विचारलं नाही. तिने सांगितलं नाही.

मायन्यापाशी पुन्हा अडलो. आशीर्वाद द्यायचा माझा अधिकार राहिला नव्हता. मग मी 'तुला नमस्कार' असं लिहिलं.

'तुला नमस्कार. तुझ्या पत्राला उत्तर द्यायला अकरा वर्षं लागली. बावीस तारखेला मी आलो नाही. मला येता आलं असतं. मी आजारी नव्हतो, कामात नव्हतो. घाबरलो. तू चार वर्षं वाचत होतीस आणि कुणाच्या सांगण्यावरून काही केलं नाहीस, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तसं वेगळ्या कागदावर सही करून सोबत पाठवत आहे. आमच्याकडे कुणाच्याच नोंदी राहत नव्हत्या आणि तुझं नाव प्रत्येक वेळी मीच खोडलं, हेही त्यात लिहिलं आहे. आता याचा उपयोग नाही हे मला कळतं. मुंगीला मी सगळं सांगितलं आहे. ती तुला सोडून गेलेली आई म्हणायची, ते ती माझ्यामुळे म्हणत होती. ती आली नाही तर तिला दोष देऊ नकोस. मला दे. उत्तराची वाट पाहणार नाही, तो हक्क मला नाही.'

'मुंगीचे कान दुखले की झोपताना तिला टोपी घालत होतो,' असंही शेवटी लिहिलं होतं. मग वाटलं, हे स्वतःची बाजू मांडण्यासारखं झालं. तो कागद बाजूला ठेवला आणि पत्र त्या ओळीशिवाय पुन्हा लिहून काढलं.

टपाल कार्यालयात माझ्यापुढे दोघंच होते. खिडकीतल्या बाईंनी पाकीट तराजूवर ठेवलं.

"साधं की रजिस्टर?"

"रजिस्टर. पोचलं पाहिजे."

"पोचपावती हवी? त्यांची सही होऊन तुमच्याकडे परत येईल."

"नको," मी म्हणालो. "त्यांना सही करायला लावू नका."

"अहो आजोबा, रजिस्टर म्हटलं की घेताना सही करावीच लागते. पावती फक्त तुमच्याकडे येणार नाही, एवढंच."

"चालेल."

बाईंनी शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पिशवीत टाकलं.